सीटखालची चप्पल

एरंडोल, ५ फेब्रुवारी १९८९

बेबी,

पत्राच्या माथ्यावर आशीर्वाद लिहायचा असतो. तो लिहायला हात धजत नाही म्हणून तेवढी जागा कोरी सोडली आहे.

तू डेपोत पाठवलेलं पत्र काल मला वाचून दाखवण्यात आलं. मी टेबलासमोर उभा, बाजूला दोन क्लार्क कान टवकारून बसलेले, आणि साहेब तुझं ते वळणदार अक्षर सावकाश वाचतायत. 'माझे सख्खे बंधू पितांबर यांना १७ जानेवारी रोजी गाडी चालवत असताना मिरगीचा झटका आला. मी त्यांच्या मागच्याच सीटवर होते.' सख्खे बंधू! सख्खे लिहायची काय गरज होती? मला अशी किळस आली की साहेबांच्या चहाच्या कपातच थुंकावंसं वाटलं. बारा वर्षं झाली मला गाडी चालवायला लागून, कधी मान खाली घालून उभा राहिलो नव्हतो.

चौकशीत मी काय सांगितलंय ते आता नीट वाच, म्हणजे तुला पुढे काय लिहायचं ते कळेल. मुकटीच्या अलीकडे रस्त्यात गोऱ्हा आडवा आला. त्याला वाचवायला मी गाडी डावीकडे घेतली. गाडी दादर ज्वारीच्या शेतात उतरली आणि बाभळीला जाऊन टेकली. लोकांना थोडंफार खरचटलं. बस्स, एवढंच झालं. हिलाल कंडक्टरनंही हेच लिहून दिलंय. चौपन्न माणसं होती गाडीत, त्यातल्या एकालाही झटका दिसला नाही, तो नेमका तुला दिसला.

गेल्या अक्षय्य तृतीयेला, ऐन आखाजीच्या सणात माझं डोकं फुटलं, अकरा दिवस मी शुद्धीवर नव्हतो, हे मी कुठं नाकारतो? पण ऑक्टोबरात मला तपासून, पास करून, पुन्हा गाडी दिली ती काय गंमत म्हणून? मी बरा झालोय. पूर्ण बरा झालोय.

२८ मार्चला धुळ्यात माझी पुन्हा मेडिकल आहे. तोपर्यंत स्टेअरिंगला हात लावायचा नाही, डेपोतल्या बाकावर बसून राहायचं. तुझं पत्र फायलीत असेपर्यंत कुठलाही डॉक्टर मला पास करणार नाही. तेव्हा दुसरं पत्र लिही. 'भीतीमुळे माझा गैरसमज झाला', एवढं एक वाक्य पुरे. मास्तरीण आहेस, पोरांच्या चुका तांबड्या शाईनं खोडतेस, तशी ही एक खोड.

तुझ्या नवऱ्याला, रतिलालरावांना, नमस्कार सांगायचा असेल तर सांग.

पितांबर


एरंडोल, १९ फेब्रुवारी

बेबी,

उघडं कार्ड पाठवलंस! उखर्डू पोस्टमननं आधी स्वतः वाचलं, मग माझ्या हातात दिलं, आणि जाता जाता खाकरला. कार्डावर काय, तर एक ओळ. 'भाऊ, गोऱ्हा नव्हता.'

मी ते कार्ड चुलीत घातलं.

तुला एक विचारतो. दारातल्या कडुलिंबावर मी कुणासाठी चढलो होतो? लग्न होऊन सहा वर्षं झाली तरी आखाजीला माहेरी आलीस की पहिला हट्ट झोक्याचा. 'भाऊ, उंच फांदीले बांध.' बांधला उंच फांदीला. गाठ मारून झाली आणि पाय घसरला तो थेट ढोरांच्या पाण्याच्या दगडी डोणीवर. तू खाली उभी राहून दोर धरला होतास, हसत होतीस. तुझं ते हसणं मला शेवटचं आठवतं, त्यानंतर जळगावच्या दवाखान्यातलं छप्पर. मी तुला कधी बोल लावला? एका शब्दानं? आणि तू सरकारी कागदावर माझं नाव लिहून तिकीट चिकटवून पाठवतेस.

बरा झालो म्हणजे काय झालो तेही ऐकून ठेव. दवाखान्यातून घरी आलो तेव्हा लोक रांगेनं बघायला यायचे. डझनभर केळी आणायचे आणि त्यातली निम्मी स्वतःच सोलून खायचे. डोक्याला जिथं खळगा पडलाय तिथं बोट दाबून बघायचे, विचारायचे नाहीत. 'आढे हाड नही शे का हो?' असं त्या झुंबरबाईनं विचारलं आणि पदराला बोट पुसलं. मी नवऱ्यामुलासारखा गप्प बसून राहायचो. शब्द सापडायचे नाहीत. पाणी मागायचं तर तोंडातून 'पाना' निघायचा. तुझी वहिनी पार्वता समजून पाणी द्यायची, माय मात्र खरोखरच पाना शोधायला उठायची. ते सगळं मी ओलांडलं. गिअर कसा टाकायचा ते पायाला पुन्हा शिकवलं, एक ते शंभर उलटे म्हणत गावाबाहेर चालत गेलो. कुणाच्या मदतीनं? कुणाच्याच नाही.

जेवण म्हणजे शिक्षा झाली आहे. पार्वता भरीत करते, ते तोंडात शेंबडासारखं लागतं. शेवभाजी म्हणजे गरम चिखल. तिला सांगत नाही, गिळतो.

कधीमधी चक्कर येते. चक्कर कुणाला येत नाही? परवा ताटावर बसलो असतानाच आली. डोळे उघडले तर पार्वता माझ्या छातीवर, माय पायांवर, आणि नाकावर चप्पल. आपल्याकडचं हे औषध तुला ठाऊकच आहे. मिरगी म्हणा की चक्कर म्हणा, माणूस पडला की त्याला चामड्याची चप्पल हुंगवायची, म्हणजे तो शुद्धीवर येतो. चप्पलही कसली शोधून काढली आहे! गोठ्यात वापरायची, शेणामुतात भिजून काळी झालेली. ती दाराच्या खुंटीला टांगून ठेवतात. मी पडलो की उज्वलानं धावत जाऊन ती आणायची, असं तिला शिकवून ठेवलंय. नऊ वर्षांची पोर, बापाच्या नाकात चप्पल घुसळते आणि मी उठलो की टाळ्या वाजवते. माझ्या मिशांना शेण लागलेलं असतं आणि सगळं घर खूश असतं.

मी तिच्या हातातली चप्पल हिसकावून फेकली. ती कुठं लागली ते लिहीत नाही. आता सूज उतरली आहे.

दुसरं पत्र अजून डेपोत आलेलं नाही.

पितांबर


एरंडोल, १२ मार्च

बेबी,

सोळा दिवस राहिले.

माय तुझ्याकडे येऊन गेली ते मला ती परत आल्यावर कळलं. मी तिला पाठवलं नव्हतं. तुझ्या दारात बसून तिनं अन्न सोडायची धमकी दिली, शेजाऱ्यांनी ऐकलं, तू रडलीस, हे सगळं तिनं इथं ओसरीवर बसून मोठ्या अभिमानानं सांगितलं. 'बेबीनी तुना पोटवर पाय दिधा, भाऊ, मी तिले सोडाव नही.' मला तिचीही शिसारी आली आणि तुझीही. तरी सांगतो, पत्र लिही. तिला पुन्हा धुळ्याला जायला लावू नकोस.

तू तिला म्हणालीस की त्या बाईचा पाय डोळ्यांसमोरून जात नाही. कोण बाई ते मी माझ्या पत्रात लिहिलं नव्हतं, म्हणून आता लिहितो. मुकटीची भागाबाई. उतरायचं म्हणून टोपली घेऊन आधीच दाराशी येऊन उभी राहिली होती. गाडी शेतात उतरली तशी ती बाहेर फेकली गेली. पाय गुडघ्यापासून काढावा लागला. पण चालत्या गाडीत दाराशी उभं राहायला तिला कुणी सांगितलं होतं? बसून राहायची पाटी डोक्यावर लावलेली असते.

आणि तू एवढी सत्यवादी झालीस तर स्वतःचंही लिहायचं होतंस. पत्रात ते का नाही? हिलालनं मला सगळं सांगितलंय. तो मागे तिकिटं फाडत होता, गर्दीतून त्याला पुढं येता येईना. तो ओरडला, "बेबीबाई, शीटखाले चप्पल शे! हुंगाडा त्याले!" आणि तू काय केलंस? गाडी रस्ता सोडून चालली होती, स्टेअरिंग तुझ्यापासून हातभर अंतरावर होतं, आणि तू खाली वाकून चप्पल शोधत होतीस! डी.एड. झालेली बाई! भिंतीवर शरीराच्या आतलं चित्र लावून पोरांना मेंदू शिकवतेस आणि वेळ आली तेव्हा चप्पल शोधलीस. मला हसू येतं आणि ओकारी येते.

हो. सीटखाली चप्पल होती. माझ्या हातून लिहून गेलं तर जाऊ दे. पार्वतानं ती पिशवीत घालून हिलालला दिली होती, मी ड्यूटीवर परत गेलो त्याच दिवशी. ऑगस्टपासून मला चार वेळा झटका आला होता आणि चारही वेळा चप्पल हुंगवल्यावर मी उठलो होतो. ऑक्टोबरात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा आम्ही कुणी काही सांगितलं नाही. मायनं, पार्वतानं, हिलालनं मिळून ठरवलं की चप्पल जवळ असली म्हणजे भीती नाही. जसं गाडीत जादा चाक असतं, तशी ही चप्पल. हिलाल रोज सकाळी वाकून बघायचा, चप्पल जागेवर आहे ना, आणि मगच घंटी मारायचा.

हे पत्र वाचून जाळून टाक.

पितांबर


एरंडोल, २६ मार्च

बेबी,

तुझं दुसरं पत्र डेपोत पोचलं. साहेबांनी मला बोलावून वाचायला दिलं. 'घाबरल्यामुळे माझा गैरसमज झाला. माझ्या बंधूंना कोणताही झटका आला नव्हता. रस्त्यात गोऱ्हा आला होता, तो मी स्वतः पाहिला.'

गोऱ्हा पाहिलास? मी तुला तेवढं लिहायला सांगितलं नव्हतं. वर आणखी 'पांढऱ्या रंगाचा.' बेबी, पांढऱ्या रंगाचा!

साहेब म्हणाले, आता काळजी नाही पितांबर, परवा पास होशील. क्लार्कनं पाठीवर थाप मारली. मी बाहेर येऊन नळाखाली डोकं धरलं. लहानपणी तू खोटं बोललीस की तुझे कान लाल व्हायचे आणि माय तेवढ्यावरून ओळखायची. त्या तुला मी हे करायला लावलं. महिनाभर घाण घाण लिहून, मायला दारात बसवून लावलं. तुझ्या पत्रावर मागे शाईचा ठिपका पडून पसरला होता. मी तो अंगठ्यानं पुसत बसलो, पुसला गेला नाही. माझी मलाच इतकी घाण वाटली की घरी आल्यावर पार्वतानं केलेला चहाही घेतला नाही.

आता जे लिहितो ते पार्वतालाही माहीत नाही.

मला वास येत नाही. लिंबावरून पडलो त्या दिवसापासून कसलाच नाही. ताकाचा नाही, फोडणीचा नाही, डिझेलचा नाही, उज्वलाच्या केसांचाही नाही. आधी वाटलं दवाखान्यात राहून असं झालं असेल. मग एकदा पार्वता ओरडली की दूध नासलंय आणि तुम्ही पिताय कसं, तेव्हा कळलं. मी कुणाला बोललो नाही. ब्रेकचं लायनर जळतंय हे ज्याला कळत नाही त्याला गाडी कोण देईल?

म्हणजे त्या चप्पलेचा मला काय उपयोग, सांग. मी उठायचो तो माझ्या वेळेनं उठायचो. चप्पल नाकाशी असली काय आणि नसली काय, झटका ओसरला की डोळे उघडायचे. हे जगात एकट्या मला माहीत होतं. बाकी सगळे भोळेपणानं विश्वास ठेवून होते, हिलाल तर देवासारखा. त्यानं रोज सकाळी वाकून ती चप्पल बघितली आणि मी वरून बघत राहिलो. त्याला एकदा सांगितलं असतं, हिलाल, मला वास येत नाही रे, तर त्यानं घंटी मारली नसती. म्हणून सांगितलं नाही.

आणि अजून एक आहे. एक वास येतो. फक्त झटक्याच्या आधी येतो, आणि तो बाहेरचा नसतो. मेलेली घूस आणि जळकं रबर एकत्र केलं तर जसा येईल तसा. पोटातून वर चढतो, तोंडात पाणी सुटतं. कधी त्यानंतर दहा मिनिटांनी झटका येतो, कधी नुसताच येऊन जातो.

१७ जानेवारीला तो वास मला पारोळ्याच्या स्टँडवर आला. गाडी उभी होती. लोक चढत होते. तू खिडकीतून तिळाचे लाडू घेत होतीस. मी खाली उतरून म्हणू शकलो असतो की इंजिनात बिघाड आहे, दुसरी गाडी बोलवा. मी स्टेअरिंगवर हात ठेवून बसलो आणि विचार केला. गाडी सोडली तर कंट्रोलर लिहून घेणार, चौकशी होणार, पुन्हा मेडिकल होणार. मग विचार केला की कदाचित नुसताच येऊन जाईल. तू मागून म्हणालीस, 'भाऊ, लाडू खाशी का?' मी नको म्हणालो. हिलालनं घंटी मारली आणि मी गिअर टाकला.

परवा काय करणार ते मला अजून माहीत नाही. पास झालो तर सात एप्रिलपासून गाडी मिळेल.

पितांबर


एरंडोल, ९ एप्रिल

चि. बेबी,

धुळ्याला येऊन तुझ्या घरी आलो नाही, याचा राग धरू नकोस.

डॉक्टर तरुण होते. फाईल उघडून त्यांनी तुझं दुसरं पत्र वरच ठेवलं आणि म्हणाले, बहिणीनं खुलासा केलेला दिसतोय. मी म्हणालो, साहेब, तो खुलासा मी लिहून घेतलाय, खालचं पत्र वाचा. मग सगळं सांगितलं. त्यांनी कापसाचे बोळे एकेक करून माझ्या नाकाशी धरले, एक लवंगेचा, एक कापराचा. मी नाही नाही म्हणत गेलो. त्यांनी लिहून दिलं की या माणसाला यापुढे कुठलंही वाहन देऊ नये. गोळ्या दिल्यात, त्या जन्मभर घ्यायच्या. पार्वतासाठी निरोप दिलाय की झटका आला तर नुसतं कुशीवर करा, छातीवर बसू नका, नाकाशी काही नेऊ नका. डेपोत मला बसगाड्या आतून धुवायचं काम देणार आहेत. हिलालची चौकशी लागली आहे, तो समोर आला की तोंड फिरवतो.

घरी येऊन सांगितलं तेव्हा मायनं कपाळ बडवून घेतलं, आणि लगेच मला जवळ घेऊन म्हणाली, "तुना काय दोष रे बाबा, डोकाले मार लागेल शे." पार्वताही तेच म्हणाली. डेपोत साहेबही तेच म्हणाले. सगळे माझ्याशी तान्ह्या पोराशी बोलावं तसं बोलतात. या दयेचाही मला वीट आला.

काल मुकटीला गेलो. फाट्यावर उतरून भागाबाईचं घर विचारलं. ती ओट्यावर बसली होती, पन्नाशीची असेल, लुगडं उजव्या गुडघ्याखाली रिकामं. मी नाव सांगितलं तर तिला कोण आनंद झाला! सुनेला हाक मारली, मला सतरंजी टाकायला लावली. "आवो, हाऊ तोच डायवर भाऊ! मुकं जनावर वाचाडं आनि आमलेबी वाचाडं. तुमीन व्हतात म्हनीसन बठ्ठा लोक वाचनात." शेजारच्या बायका बघायला आल्या. एकीनं माझ्या पायाला हात लावला. मी पाय ओढून घ्यायला हवा होता, घेतला नाही.

तिनं जेवल्याशिवाय सोडणार नाही म्हटलं. कळण्याची भाकर, मिरचीचा ठेचा, वर तेल. ती समोर बसून पदरानं माझ्या ताटावरच्या माशा वारत होती. मी दोन घास खाल्ले, तिसरा ताटात परत ठेवला. मग सांगून टाकलं. गोऱ्हा नव्हता. मला झटका येतो. त्याच्या आधी घाण वास येतो, तो मला पारोळ्याला आला होता.

भागाबाईनं माशा वारणारा पदर खाली सोडला. मग म्हणाली, "वास उना तवय गाडी काबर नही थांबाडी?"

मी म्हणालो, नोकरी जाईल म्हणून.

काठी भिंतीला टेकलेली होती, ती तिनं घेतली नाही. दोन हात टेकवत, एका मांडीवर सरकत ती माझ्यापर्यंत आली आणि माझ्यासमोरचं ताट उचललं. सून घाबरून म्हणाली, "माय, जेवनारले उठाडतस का?" भागाबाईनं ताटातली माझी उष्टी भाकर ओट्याखाली कुत्र्याला टाकली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "उठ. मन्हा घरमाईन निंघी जाय."

मी हात न धुता उठलो. फाट्यापर्यंत चालत आलो, बोटांना ठेचा तसाच होता. बेबी, वर्षभरात मी इतक्या लोकांचे हात अंगावरून फिरवून घेतले, पण पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याशी धडधाकट माणसाशी वागावं तसं वागलं.

तुझं पत्र पार्वताला आलंय, ते तिनं मला वाचून दाखवलं. तू लिहिलंस की भाऊचा राग नाही, मी त्याला माफ केलं, त्याच्या डोक्याला मार लागलाय, तो तरी काय करणार.

ती माफी परत घे. तू खोट्याचं जे पाप केलंस ते माझ्या नावावर आहे, आणि तू चप्पल शोधत होतीस तेही माझ्याच नावावर, ती कुचकामी आहे हे मीच लपवलं होतं. पण पारोळ्याच्या स्टँडवर पाच मिनिटं गाडी उभी होती, बेबी, आणि त्या पाच मिनिटांत माझं डोकं अगदी शाबूत होतं.

तुझा भाऊ,
पितांबर